व्हीएचएस कॅसेट टीव्हीवर नीट चालते, लॅपटॉपवर घेताना चित्र गोठतं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी फोंड्याकडचा. १९९२ साली आमच्या गावच्या उत्सवात बाबांनी काम केलेल्या संगीत नाटकाची कॅसेट डिजिटल करायला घेतलीय. बाबा आता नाहीत, त्यांचं गाणं दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून प्लीज जाणकारांनी वाचा.

व्हीसीआर ओळखीतून आणलाय, पिवळी-पांढरी-लाल वायर यूएसबी कॅप्चर कार्डाला, सेटिंग पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही पद्धत), ७२० बाय ५७६, २५ फ्रेम. जुन्या डबा टीव्हीवर कॅसेट छान दिसते, फक्त वरच्या कडेला चित्र जरा वाकतं, पण लॅपटॉपवर घ्यायला गेलं की मध्येच स्क्रीन निळी होते नाहीतर चित्र गोठतं, फ्रेम गळतात आणि आवाज मागे पडत जातो. पहिल्या अंकात ओठ जुळतात, दुसऱ्या अंकात बाबांचं तोंड मिटलेलं आणि तान अजून चालूच!

व्हीसीआरचं हेड (टेप वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कागदाने साफ केलं, ड्रम हाताने फिरवत (कापूस नको, धागे हेडला अडकतात). ट्रॅकिंग फिरवल्यावर पांढऱ्या रेघा गेल्या, गोठणं तसंच. दुसरी एक चांगली कॅसेट बिनतक्रार कॅप्चर होते, म्हणजे कार्ड किंवा ड्रायव्हरचा दोष वाटत नाही. तळाची थरथरती पट्टी हेड स्विचिंगची, ती सगळ्याच व्हीएचएसला असते, तिचं सोडा.

मला वाटतं टेपवरचा सिंक (चित्राच्या ओळी-फ्रेम वेळेवर जुळवणारा सिग्नल) डळमळीत झालाय, जुना टीव्ही तेवढं सांभाळून घेतो, कार्डाला झेपत नाही, म्हणजे टीबीसी (टाइम बेस करेक्टर, हा डळमळीत सिग्नल सरळ करणारं सर्किट) लागणार. नवीन व्हीसीआर तर फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये बनवणं बंद केल्यापासून मिळतच नाहीत. तर टीबीसीवाला एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा वरचा दर्जा) प्लेयर पणजी, म्हापसा, मडगावकडे कुणाकडे आहे का? पूर्वी लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे असायचे. भाडं देतो, कॅसेट घेऊन स्वतः येतो, कुरियरने पाठवायचा धीर होत नाही. आणि व्हीसीआर व कार्डाच्या मध्ये डीव्हीडी रेकॉर्डर लावला की सिग्नल सुधारतो म्हणतात, कुणी केलं असेल तर कुठल्या मॉडेलवर जमलं तेही सांगा.

आणखी एक, तिसरा अंक वेगळ्या कॅसेटवर आहे आणि तिच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते, इथला पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. ती व्हीसीआरमध्ये घातलेली नाही, बुरशी हेडला लागून बाकीच्या कॅसेटमध्येही जाते. सध्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवलीय. अशी टेप घरी हाताने साफ केलेलं कुणी आहे का, की थेट जाणकाराकडेच द्यावी?