मदत हवी आहे: विद्यापीठासोबतच्या करारात काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, कोरची तालुक्यात. धान निघाला की तरुण पोरं बांधकामावर नागपूरला जातात. तिथल्या वस्त्यांत त्यांचं रेशन, मजुरी, लेकरांची शाळा कशी चालते, यावर एक विद्यापीठ ग्रामसभेसोबत अभ्यास करू म्हणतंय. आम्हाला तो हवाच आहे. पण आधीचे सर्वेवाले फॉर्म भरून गेले, अहवाल गावात आलाच नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (जंगलावर सगळ्या गावाचा मिळून कायदेशीर हक्क) मिळाला, त्यामागे गावाच्याच अभ्यासगटांची मेहनत होती. तसं आमचं व्हावं.

प्रश्न गावानं ठरवायचे, छापण्याआधी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवायचं, सर्वे करणाऱ्या पोरांना मानधन, एवढं सुचलंय. गोळा झालेल्या माहितीवर हक्क कोणाचा, हे कसं लिहायचं? कोणाच्या ग्रामसभेनं असा करार किंवा ठराव केला असेल तर नमुना पाठवा. पुढच्या ग्रामसभेत मांडायचा आहे.