मदत हवी आहे: नळाला पाणी नाही आणि मीटरचं बिल ४१ युनिट. भरू की नको?

खाडीवरचा (धागाकर्ता), रात्री ११.१०
डोकं फिरायची वेळ आली आहे. पाण्याचं दोन महिन्यांचं बिल आलंय, ४१ युनिट, १,५३० रुपये. वर शिक्का, सात दिवसांत भरा नाहीतर कनेक्शन तोडू. अहो, पाणी येतं कुठे? याच दोन महिन्यांत मी तीन टँकर घेतले, १,८०० रुपयांना एक. रीडिंग घ्यायला येणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणतो ऑफिसात जा. ऑफिसात बाई म्हणाली रीडिंग बरोबर आहे, फोटो आहे आमच्याकडे. नगरपंचायतीत गेलो तर साहेब म्हणतात, पाणी आता आमच्याकडे नाही, कंपनीला चालवायला दिलंय. मग मी जायचं कुणाकडे? माझी आई ७८ वर्षांची, पाण्याच्या रात्री नळाखाली कळशी लावून बसते. बिल भरायचं की नाही एवढंच सांगा. शुक्रवार शेवटचा दिवस आहे.

सड्यावरून, रात्री ११.२८
गाव कुठलं? पाणी किती दिवसांनी येतं? घरात माणसं किती? बिलावर सही कुणाची आहे, कंपनीची की मुख्याधिकाऱ्यांची?

हापूसवाला, रात्री ११.४१
बोअर मारा आणि मोकळे व्हा. मी दोन वर्षांपूर्वी मारली, २२० फुटांवर पाणी लागलं, तेव्हापासून नळाकडे बघितलेलं नाही. पाणाड्या चांगला बघा. आमच्याकडचा हातावर नारळ ठेवून फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे मारा म्हणतो.

माहेर_वेंगुर्ला, रात्री ११.५५
दादा, त्यांच्या नावातच खाडी आहे. खाडीकाठी बोअर मारायला कसलं सांगता? आमच्या माहेरी शेजाऱ्यांनी मारली. पहिला उन्हाळा गोडं पाणी, दुसऱ्या उन्हाळ्यात मचूळ, तिसऱ्या वर्षी डाळ शिजेना. उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं, आणि मग आजूबाजूच्या विहिरीही जातात. एकाच्या बोअरपायी आमची आजोबांच्या वेळची विहीर गेली. तिचं पाणी आता भांडी घासायलासुद्धा घेत नाही.

हापूसवाला, रात्री १२.०४
माझी सड्यावर आहे, उंच कातळावर. तिथे खाऱ्याचा प्रश्न नाही.

खाडीवरचा (धागाकर्ता), सकाळी ६.५०
गाव देवगड तालुक्यातलं, यापेक्षा जास्त लिहीत नाही. घरात पाच माणसं. बोअर मारायला पैसे नाहीत आणि माझा प्रश्न बोअरचा नाहीच. बिलाचं विचारतोय. बिलावर सही कुणाचीच नाही, कंपनीचं नाव आणि खाली बारीक अक्षरात "नगरपंचायतीकरिता".

पागोळी, सकाळी ७.१५
बिलाचं बाकीचे सांगतील, मी मुळाचं सांगतो. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरचं छप्पर असेल तर त्यावर ३ लाख लिटर पाणी पडतं. सांडलवंड धरून अडीच लाख तरी हाताला लागतं. पाच माणसांना दिवसाला माणशी ५५ लिटर धरलं तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांना ३३ हजार लिटर पुरतात. म्हणजे पागोळ्यांतून वाहून जातं त्याचा सातवा-आठवा हिस्सा साठवला तरी टँकर नको. मी फेरोसिमेंटची, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट थापलेली टाकी बांधली आहे. पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्यायचे, कौलांवरचं शेवाळ धुऊन जातं, मग टाकीला नळी जोडायची. झाकण घट्ट हवं, आत उजेड शिरला की पाणी हिरवं होतं. कुणाला बघायची असेल तर या, चहा आणि टाकीचंच पाणी देईन.

सड्यावरून, सकाळी ७.३०
हे सगळं उत्तम, पण त्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय आणि पाऊस जूनमध्ये. खाडीवरचे, पाणी किती दिवसांनी येतं ते अजून सांगितलं नाहीत.

नळवालो, सकाळी ८.०२
काकानू, तुमचा घर चढावर आसा की खाली? लाइनीच्या शेवटाक आसा काय? पाणी येवच्या आधी नळ फुसफुसता काय? आणि मोटर लावतास काय? ह्या सांगल्याशिवाय कोण काय सांगतलो? पंधरा वर्सां हीच कामां करतंय.

कोयनेचं_पाणी, सकाळी ८.४५
मूळ प्रश्न कुणी बोलतच नाही. कोयनेचं ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वीज तयार झाल्यावर कोळकेवाडीतून वाशिष्ठीत आणि तिथून समुद्रात जातं. ते मुंबईला न्यायच्या गोष्टी होतात, पण कोकणाला कधी मिळणार? ते मिळालं तर एकाही वाडीत टँकर लागणार नाही.

माहेर_वेंगुर्ला, सकाळी ९.१०
वाशिष्ठी चिपळूणला, हे देवगडला. मध्ये किती डोंगर आणि किती खाड्या? चिपळूण-गुहागरला द्या, हक्कच आहे त्यांचा. पण या माणसाच्या नळाला ते कसं येणार?

कोयनेचं_पाणी, सकाळी ९.२२
इच्छा असेल तर पाइपलाइन कुठेही जाते.

साहेबांचा_देश, सकाळी १०.०५
मी बारा वर्षं इंग्लंडात आहे. तिथे १९८९ साली पाणी खासगी कंपन्यांना विकून टाकलं. २०२२ च्या उन्हाळ्यात दुष्काळ जाहीर झाला, बागेला नळीने पाणी घालायला बंदी आली. लोक भडकले ते पाऊस पडला नाही म्हणून नाही. पाइपांतून सुमारे पाचवा हिस्सा पाणी गळून जातं आणि भागधारकांना लाभांश मात्र वेळेवर मिळतो, याचा तो राग होता. बोलिव्हियात कोचाबांबा शहरात पाणी खासगी कंपनीकडे गेल्यावर दर वाढले म्हणून २००० साली लोक रस्त्यावर आले आणि सरकारला करार रद्द करावा लागला. पॅरिसने २०१० मध्ये पाणी परत महापालिकेकडे घेतलं. तुम्हीही आंदोलन करा.

सड्यावरून, सकाळी १०.४०
एक फरक लक्षात घ्या. इंग्लंडात पाइप, धरणं सगळं कंपन्यांच्या मालकीचं झालं. आपल्याकडे मालकी नगरपंचायतीची, कंपनीकडे फक्त चालवायचा ठेका. म्हणून "आता आमच्याकडे नाही" हे साहेबांचं उत्तर खोटं आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ मध्ये कर्तव्यं दिली आहेत, त्यात पाणीपुरवठा आहे. ठेका दिला म्हणून कर्तव्य जात नाही. तक्रार मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने करा, कंपनीच्या नावाने नको.

बाळाचा_बाबा, सकाळी ११.००
ग्रामसभेत विषय घ्या. कोरम पूर्ण करून ठराव करा, कुणाची हिंमत होणार नाही.

सड्यावरून, सकाळी ११.०४
नगरपंचायतीला ग्रामसभा नसते. धागा वाचून लिहा.

खाडीवरचा (धागाकर्ता), दुपारी २.३०
आत्ता जेवायला बसलो तेव्हा वाचलं. सांगतो एकेक. फेब्रुवारीत तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, मार्चपासून चौथ्या दिवशी. रात्री अडीच-तीनला येतं, पाऊण तास. बिलाच्या दोन महिन्यांत १६ वेळा आलं, आई कॅलेंडरवर खूण करते. १,००० लिटरची टाकी आणि २०० लिटरचा ड्रम आहे, एकदाही दोन्ही भरले नाहीत. भरले असं धरलं तरी १६ वेळचे १९,२०० लिटर होतात. ४१ युनिट म्हणजे ४१,००० लिटर. ते कुठे गेले?
घर चढावर आहे, लाइनीचं शेवटचं. पुढे काजूची बाग. नळ फुसफुसतो, हो, बराच वेळ. आणि मोटर आहे. खालच्या सगळ्यांच्या आहेत. नाही लावली तर आमच्याकडे थेंब पोचत नाही.

नळवालो, दुपारी २.४८
मगे झाला. हवा मोजता तुमचो मीटर. आता सगळ्यांक समजांदे म्हणान नीट लिहितो. लाइन तीन दिवस रिकामी असते, तेव्हा पाइपात हवा भरते. चौथ्या दिवशी व्हॉल्व्ह उघडला की पाणी ती हवा पुढे ढकलत येतं. हवा चढाला जाते. चढावरचं शेवटचं घर तुमचं, म्हणजे अर्ध्या वाडीची हवा तुमच्या मीटरातून बाहेर पडते. मीटरातल्या चक्राला पाणी कुठलं आणि हवा कुठली कळत नाही, उलट हवेने ते जास्त जोरात फिरतं. लाइनीच्या उंच टोकाला एअर व्हॉल्व्ह बसवायचा असतो, हवा तिथेच सुटून जाते. तुमच्याकडे आहे का बघा. रस्त्याकडेला चौकोनी चेंबर असतो.

माहेर_वेंगुर्ला, दुपारी ३.१५
मोटरीबद्दल मात्र मी बोलणार. थेट लाइनीला मोटर लावणं चूक आहे, दादा. लाइनीत ओढ बसली की जिथे जोड सैल असेल तिथून गटाराचं पाणी आत येतं. आमच्या गल्लीत एका उन्हाळ्यात सहा घरांत कावीळ झाली, सहाही पोरं एकाच शाळेतली. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी मोटरी काढल्या.

खाडीवरचा (धागाकर्ता), दुपारी ३.४०
ताई, तुमच्या गल्लीत सगळ्यांनी काढल्या म्हणून जमलं. मी एकट्याने काढली तर माझ्या आईने काय प्यायचं? कंपनी आली तेव्हा वचन होतं, रोज पाणी, मीटरप्रमाणे पैसे. मीटर आले, रोजचं पाणी आलं नाही. आधी वर्षाची ठरावीक पट्टी होती, पाणी तेव्हाही कमीच होतं, पण न आलेल्या पाण्याचे पैसे कुणी मागत नव्हतं.

नळवालो, दुपारी ४.०५
भांडान उपयोग नाय. परीक्षा करा. पुढच्या पाळीला मोटरीची पिन काढून ठेवा. पाणी यायच्या आधी मीटरचा फोटो घ्या, काळे आकडे आणि लाल आकडे दोन्ही. हवा चालू झाल्यापासून पाणी येईपर्यंत व्हिडिओ, घड्याळ दिसेल असा. पाणी आलं की पुन्हा फोटो. मग २० लिटरची बादली दहा वेळा भरा आणि परत फोटो. बादल्यांना मीटर २०० च्या आसपास पुढे गेला तर मीटर चांगला आणि चूक लाइनीची. तीनशे दाखवला तर मीटरच खराब.

सड्यावरून, दुपारी ४.३०
हे करा. सोबत दोन कागद. एक, मुख्याधिकाऱ्यांना तक्रार, आणि त्यात शेवटी लिहा की बिल हरकत राखून भरत आहे, म्हणजे भरलं तरी मान्य नाही. कनेक्शन तुटू देऊ नका, तुटल्यावर भांडणं फार अवघड. दोन, माहिती अधिकारात अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. मागा: कंपनीबरोबरच्या कराराची प्रत, त्यात दररोज किती तास पाणी द्यायचं ठरलंय, न दिल्यास दंड किती, आजवर किती दंड वसूल केला, एअर व्हॉल्व्ह कुठे कुठे आहेत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

हापूसवाला, दुपारी ४.५०
तोवर पाऊस येईल आणि सगळे विसरतील. दर वर्षी हेच बघतोय मी. मे महिन्यात शिव्या, जूनमध्ये गप्प.

पागोळी, संध्याकाळी ५.३०
म्हणून तर टाकी बांधा म्हणतो.

खाडीवरचा (धागाकर्ता), दोन दिवसांनी, पहाटे ४.१५
झोप लागणार नाही म्हणून आत्ताच लिहितो. आज पाळी होती. मोटरीची पिन काढली. मी आणि आई दोघं अंगणात, तिच्या हातात बॅटरी, माझ्या हातात मोबाइल. २.३८ ला नळ फुसफुसायला लागला. मीटरवरची लाल चांदणी अशी गरगरली की आईने विचारलं, आलं काय रे पाणी? नळाखाली कळशी कोरडी. बारा मिनिटं हेच. २.५० ला पहिला थेंब पडला, गंजाचा, तांबडा. तेवढ्या वेळात मीटर १,१८० लिटर पुढे गेला होता. कळशीत एक थेंब नसताना.
मग दहा बादल्या भरल्या. मीटर २०३ पुढे गेला. म्हणजे मीटर चांगला आहे. बिनमोटरीचं पाणी सुतासारखं आलं, ड्रम तेवढा भरला, टाकी रिकामीच.
१,१८० गुणिले १६ केले, १८,८८० होतात. माझ्या हिशोबात २१,८०० लिटरचा फरक होता. जवळजवळ सगळी हवाच आहे. एअर व्हॉल्व्हचा चेंबर सापडला, काजूच्या बागेच्या गडग्याला लागून. झाकण उचललं, आत माती आणि पाला. व्हॉल्व्ह बसवलेलाच नाही.

नळवालो, सकाळी ७.२०
बघितलास? उरलेलो फरक मोटरीचो आसतलो, ती पण हवा ओढता. चेंबराचो फोटो काढलास मां?

माहेर_वेंगुर्ला, सकाळी ७.५५
दादा, शेजारच्यांनाही मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा. चढावरच्या चार-पाच घरांचे आकडे एकत्र गेले तर कुणी एकट्याचं रडगाणं म्हणणार नाही. आणि तो तांबडा पहिला घोट आईंना पिऊ देऊ नका.

खाडीवरचा (धागाकर्ता), दुपारी १.१०
फोटो काढले, माती बाजूला करून आणि न करता, दोन्ही. वरच्या आळीत तीन घरं तयार झाली आहेत, पुढच्या पाळीला चौघांचे व्हिडिओ होतील. बिल हरकत राखून भरलं. तक्रार आणि माहिती अधिकाराचा अर्ज दोन्ही नगरपंचायतीत टेबलावर दिले. साहेब म्हणाले ठेवून जा, बघतो.

सड्यावरून, दुपारी १.१८
ठेवून जा म्हणजे? तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतलात का?

खाडीवरचा (धागाकर्ता), दुपारी १.२५
नाही घेतला. पाच वाजेपर्यंत ऑफिस उघडं आहे, आत्ताच निघतो.