कोकोलिथोफोर संवर्धन: आम्ल घालावे की CO₂ वायू सोडावा?

प्रवाळ_७: एमिलियानिया हक्सलेई हा कोकोलिथोफोर (अंगावर चुनखडीच्या चकत्या, म्हणजे कोकोलिथ, बनवणारे एकपेशीय सागरी शैवाल) CO₂ चा दाब ४०० आणि ८०० मायक्रोॲटमॉस्फिअर ठेवून वाढवायचा आहे. जास्त CO₂ मध्ये २००० सालच्या नेचरमधल्या निबंधात कॅल्सीकरण (चुनखडी बनवणे) घटलेले, २००८ च्या सायन्समधल्यात वाढलेले; दोन्हींच्या पद्धती वेगळ्या. नेमकी पद्धत कोणती धरावी?

क्षारमापक: बंद बाटलीत नुसते हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की अल्कता (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता) घटते, विरघळलेला एकूण अकार्बनी कार्बन तेवढाच राहतो. हवेतला CO₂ समुद्रात मुरतो तेव्हा होते उलटे: कार्बन वाढतो, अल्कता कायम. म्हणून आम्लाइतकेच मोल सोडियम बायकार्बोनेटही घाला. बाटली काठोकाठ भरून बंद करा. CO₂ वायूच्या बुडबुड्यांनीही साधते, पण जोराने सोडले तर पेशींना मार बसतो. पेशी घालण्याआधीच वायू सोडून घ्या.

मात्र त्या दोन निकालांतला फरक सगळा पद्धतीच्या माथी मारू नका. एकाच जातीचे वाण (स्ट्रेन) वेगवेगळे वागतात. किमान दोन वाण घ्याच.

गाळणकागद: खरा घोळ दाट संवर्धनात होतो. १ मोल कॅल्शियम कार्बोनेट बनले की अल्कता २ मोलने उतरते, म्हणजे तुमचे ८०० शेवटपर्यंत ८०० राहतच नाही. मिलिलिटरला ५०,००० पेशींच्या आत, घातांकी वाढीतच (पेशी ठरावीक वेळाने दुप्पट होत असतानाच) प्रयोग थांबवा. आधी ८-१० पिढ्या त्याच पाण्यात रुळवा.

प्रवाळ_७: नमुने ल्युगॉलमध्ये (पेशी टिकवायच्या आयोडीनच्या द्रावणात) ठेवले तर?

गाळणकागद: आम्लयुक्त ल्युगॉल कोकोलिथच विरघळवते! बफर केलेले फॉर्मॅलिन वापरा. कार्बन मोजायला पेशी दोन गाळण्यांवर घ्या: एक तशीच, दुसरी हायड्रोक्लोरिकच्या वाफेत (तिथे कॅल्साइट, म्हणजे कोकोलिथांची चुनखडी, निघून जाते), वजाबाकी म्हणजे कॅल्साइटमधला कार्बन.