नियतीने ठरवलेल्या प्रेमात थरार उरतो का?

निशिगंध (चर्चाप्रस्ताव):

पॅरानॉर्मल (म्हणजे अमानवी, अलौकिक पात्रांच्या) आणि सस्पेन्स या दोन्ही प्रकारांतल्या प्रणयकादंबऱ्या मी अनेक वर्षे आवडीने वाचत आले आहे. त्यांतल्या उघड शृंगाराबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण या पुस्तकांचा विषय निघाला की चर्चा हमखास तिथेच अडून बसते. माझे घोडे अडते ते ‘विधिलिखित जोडीदार’ या कल्पनेपाशी. नायक रक्त पिणारा व्हॅम्पायर असो वा लांडग्याचे रूप घेणारा वेअरवुल्फ, नायिका समोर येताच त्याला तिचा गंध ओळखू येतो, हीच आपली एकमेव जोडीदार असे त्याला उमगते आणि तिथून पुढे तिचा होकार ही केवळ वेळेची बाब उरते. या एका युक्तीमुळे थरार आणि शृंगार दोन्ही एकाच वेळी निष्प्राण होतात, असे माझे ठाम मत आहे. नकार देण्याची मुभा ज्या होकारामागे नाही, त्या होकाराचे वाचकाला काय वाटावे?

एक प्रसंग सांगते. नुकत्याच वाचलेल्या एका कादंबरीत नायिका नायकाकडे पाठ करून उभी आहे. हातातला पेला ती हळूच खाली ठेवते आणि “मला हे नको आहे” असे शांतपणे सांगते. त्यावर तो म्हणतो, की तुझ्या हृदयाचे ठोके मला इथवर ऐकू येत आहेत आणि ते काही वेगळेच सांगत आहेत. लेखिकेने हा क्षण अतिशय मोहक म्हणून रंगवला होता, पण मी तिथेच पुस्तक मिटले. तिच्या शब्दांपेक्षा तिच्या नाडीवर अधिक विश्वास ठेवणारा हा नायक तिला बोलण्याचा अधिकारच नाकारतो आहे.

शिवाय ठोके भीतीनेही वाढतात. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या उंच, हलणाऱ्या झुलत्या पुलावर पुरुषांना एक तरुणी भेटे, त्यांच्याकडून एक प्रश्नावली भरून घेई आणि आपला दूरध्वनी क्रमांक देई. जवळच्या ठेंगण्या, भक्कम पुलावर भेटलेल्या पुरुषांपेक्षा या धडकी भरवणाऱ्या पुलावर भेटलेल्या पुरुषांनी तिला नंतर अधिक प्रमाणात दूरध्वनी केले. भीतीने झालेली धडधड माणसाला आकर्षणाची वाटू शकते, असा त्याचा अर्थ लावला गेला. ज्या साहित्यप्रकारात भीती आणि ओढ एकाच शयनगृहात वावरतात, त्याच्यासाठी ही केवढी मोठी खाण आहे! पण विधिलिखिताची मोहोर उमटली की ती खाण खणण्याची गरजच लेखकाला वाटत नाही.

जुना वाचक:

सहमत नाही. आपण थराराचा जो अर्थ लावला आहे, तोच मला अपुरा वाटतो. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखक-संघटनेने प्रणयकादंबरीची जी व्याख्या केली, तिच्यात दोनच अटी होत्या: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी हवा. म्हणजे नियती कथेत असो वा नसो, नायक-नायिका अखेरीस एकत्र येणार हे वाचकाला मुखपृष्ठ पाहूनच ठाऊक असते. शेवट माहीत असल्यामुळे थरार मरत असता, तर हा साहित्यप्रकार जन्मालाच आला नसता.

थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी बोलताना दिलेले मेजाखालच्या बॉम्बचे उदाहरण इथे चपखल बसते. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला क्षणभर धक्का बसतो. पण तो मेजाखाली आहे हे प्रेक्षकाला माहीत असेल आणि मेजाभोवती गप्पा मारणाऱ्यांना माहीत नसेल, तर त्या साध्या गप्पाही जीव टांगणीला लावतात. विधिलिखित जोडीदार हा नेमका असाच बॉम्ब आहे. त्याला कळले आहे, तिला कळलेले नाही, आणि आपल्याला दोन्ही ठाऊक आहे. तो तिला केव्हा सांगेल, सांगितल्यावर ती त्याला फसवा समजेल का, हे धागे शेवटपर्यंत ताणता येतात. काही उत्तम कादंबऱ्यांत तर नायिका या बंधाविरुद्ध निकराने झुंजते आणि ती झुंज हीच कथा असते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. हा माणूस आपल्याला सोडून जाणार नाही, याची खात्री प्रत्यक्ष आयुष्यात कोणालाच मिळत नाही. ती खात्री तीन-चारशे पानांपुरती एखाद्याला अनुभवावीशी वाटली, तर त्यात कमीपणा कसला?

निशिगंध:

कमीपणा आहे असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. मात्र आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत आहात. शेवट वाचकाला ठाऊक असणे वेगळे आणि पात्रापुढे पर्यायच नसणे वेगळे. बॉम्बच्या उदाहरणात मेजाशी बसलेला माणूस उठून जाऊ शकतो, म्हणूनच आपण मनातल्या मनात त्याला “ऊठ” म्हणून ओरडतो. त्याला खुर्चीलाच बांधून ठेवले, तर आपण ओरडणार कशासाठी?

उत्तररात्र:

या वादात व्हॅम्पायरचा एक जुना नियम कोणी आठवत नाही, याचे नवल वाटते. ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 च्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत व्हॅम्पायरचा माग काढणारा व्हॅन हेल्सिंग सांगतो, की घरातल्या कोणी बोलावल्याखेरीज व्हॅम्पायर पहिल्यांदा आत येऊ शकत नाही. एवढा बलाढ्य, शतकानुशतके जगलेला प्राणी, पण उंबरठ्याशी येऊन त्याला थांबावे लागते! संमतीचा प्रश्न या पात्राला आज कोणी बाहेरून चिकटवलेला नाही, तो इतका जुना आहे.

त्याच नियमाचा उत्तरार्ध मात्र भयंकर आहे: एकदा बोलावले, की नंतर तो हवा तेव्हा येऊ शकतो. आजच्या चांगल्या लेखिकांनी खरी सुधारणा इथे केली आहे. काही कादंबऱ्यांत नायिका दिलेले आमंत्रण मागे घेते आणि त्या शब्दासरशी तो पाठीमागे ढकलला जातो. मला विचाराल तर या साहित्यप्रकारातला सर्वाधिक शृंगारिक क्षण हाच असतो, कारण त्यानंतर ती जेव्हा पुन्हा “ये” म्हणते, तेव्हा त्या एका अक्षराला पूर्ण वजन असते. निशिगंध, आपली तक्रार रास्त आहे, पण ती सगळ्या पॅरानॉर्मल प्रणयकथांना लावू नका.

शोधयात्री:

मी मुख्यतः सस्पेन्सच्या बाजूचा वाचक आहे आणि माझा आक्षेप निशिगंध यांनी सुरुवातीलाच बाजूला सारलेल्या गोष्टीवर आहे. खुनी मोकाट आहे, नायिकेच्या दंडावर नुकतेच टाके पडले आहेत, पुढचा हल्ला कोणत्याही क्षणी होणार आहे, आणि अशा वेळी कथानक सहा-सात पाने शय्येवर थांबते. पहारा कोण देत आहे, हा साधा प्रश्न त्या दोघांपैकी एकालाही पडत नाही. तिथून पुढे त्यांच्या जिवाची काळजी मी तरी का करावी?

ॲन रॅडक्लिफ या अठराव्या शतकातल्या गॉथिक, म्हणजे गूढ-भयकथांच्या, लेखिकेने भयाचे दोन प्रकार मानले होते. त्यांच्या मृत्यूनंतर 1826 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्या म्हणतात, की संदिग्धतेतून येणारे भय मनाच्या शक्ती जागवते आणि मनाचा विस्तार करते, तर उघडेवाघडे भीषण दृश्य मनाला आकसून टाकते, गोठवते. शृंगाराचेही तसेच आहे, असे मला वाटते. दार लागले, खालून प्रकाशाची रेघ दिसली आणि ती विझली, एवढे वाचकाला पुरते. बाकीचे तो स्वतः, लेखकापेक्षा उत्तम रीतीने, रचतो.

मुक्तछंद:

शोधयात्री, पहारा कोण देत आहे या प्रश्नावर आपल्याशी पूर्ण सहमत, पण दार लावण्याच्या उपायाला माझा विरोध आहे. फसलेला प्रसंग फसला आहे म्हणून तो प्रकारच बाद करावा, हे पटत नाही.

कित्येक महिने कोणीतरी पाळत ठेवलेली एक स्त्री घ्या. दिवा विझवू नकोस, असे ती त्याला सांगते, कारण अंधारात कोण आहे हे तिला दिसणार नाही. तो दिवा तसाच ठेवतो, कमरेचे पिस्तूल काढतो आणि स्वतःच्या उशाशी न ठेवता तिच्या हाताला येईल असे ठेवतो. पुढच्या सगळ्या जवळिकीत ते पिस्तूल तिथेच आहे, आणि हाच माणूस पाळत ठेवणारा असेल का, हा संशय वाचकाच्या मनातून अजून गेलेला नाही. तिचा हात एकदा तिकडे जातो आणि परत येतो. हा शृंगार आहे की सस्पेन्स? दोन्ही आहे, आणि दार लावले असते तर दोन्ही गेले असते.

वाचक स्त्रिया समोर येईल ते निमूट गिळतात, हा समजही सोडायला हवा. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने 1984 च्या आपल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका गावातल्या प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांशी सविस्तर बोलून लिहिले आहे. घरादाराच्या रगाड्यातून स्वतःसाठी काढलेला वेळ म्हणून त्या वाचनाकडे पाहत होत्या, आणि नायकाने बळजबरी केलेली पुस्तके त्यांना मुळीच चालत नव्हती. त्या अभ्यासातल्या स्त्रियांना वर्णनाची रेलचेलही फारशी रुचत नव्हती, म्हणजे शोधयात्रींनाही तिथे सोबत मिळेल. पण नायक कुठे चुकतो, हे त्या नेमके सांगू शकत होत्या.

शोधयात्री:

पिस्तुलाचा प्रसंग मान्य. त्यात पहारा आहे, आणि तो तिच्या हाती आहे. असे लिहिणारे मात्र थोडे. सात पानांतली सहा अजूनही गाळण्याजोगीच असतात, हे मत मी बदलत नाही.

निशिगंध:

उत्तररात्र यांचा उंबरठा आणि मुक्तछंद यांचा दिवा, दोन्ही मला आवडले, आणि दोन्हींतून माझेच म्हणणे पुढे जाते, असे वाटते. तिथे नायकापाशी बळ आहे आणि ते त्याने तिच्या शब्दावर ठेवलेले आहे. मी मिटलेल्या पुस्तकातला नायक तिचे ठोके ऐकून गप्प राहिला असता, एक पाऊल मागे सरकला असता, तर मी ती कादंबरी पहाटेपर्यंत वाचून संपवली असती.

जुना वाचक:

तो गप्प राहावा, हे मला मान्य नाही. जे त्याला ऐकू येते ते तिच्यापासून लपवून तो सभ्यपणे मागे सरकला, तर ती एक प्रकारची फसवणूकच होईल. त्याला काय कळते हे तिला कळायलाच हवे. त्यापेक्षा त्याने सरळ सांगावे, की तुझ्या हृदयाची धडधड मला ऐकू येते, पण ती भीतीची आहे की आणखी कशाची, हे मला ओळखता येत नाही, तू सांग. विधिलिखित बंध तसाच राहू द्या, तो मी काढू देणार नाही. फक्त एवढा एक प्रश्न त्याच्या तोंडी घाला.

निशिगंध:

हा प्रश्न मला मनापासून पटला, आणि तो तिने पेला खाली ठेवला त्या क्षणीच यायला हवा. माझी एकच अट आहे. “भीतीची” असे तिने उत्तर दिले, तर त्याने तिथून निघून जावे, आणि तिच्यावाचून राहणे त्या बंधामुळे असह्य होणार असेल, तर ती यातना त्याने एकट्याने भोगावी, तिच्या दाराशी येऊन तिला दाखवू नये. आज बहुतेक कादंबऱ्यांत नियतीची किंमत नायिकाच मोजते. ती एकदा त्याला मोजू द्या.