मदत हवी आहे: फायटिंग गेममधल्या पाहुण्या पात्राला धून कुणाची द्यावी?

ठेकेदार:
नमस्कार मंडळी. मी आणि माझा एक मित्र सुट्टीच्या दिवशी बसून छोटा टू-डी फायटिंग गेम करतोय. संगीत माझ्या गळ्यात आहे. हलगी, ढोल, बास गिटार, टेम्पो मिनिटाला १६८ ठोके. थोडक्यात, उसंत नाही. आता ओळखीच्या एका डेव्हलपरने त्याच्या प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायच्या) गेमची नायिका आम्हाला पाहुणी म्हणून दिलीय. तिची धून बासरीवर, दादऱ्यात, एकदम निवांत, भूपाच्या अंगाची. आधी लांबलचक आलापी, मग चाळिसाव्या सेकंदाला कुठे ‘ग प ध सां’ ही चढण येते. तिचा गेम खेळलेल्या पोरांना त्या चार सुरांतच ती ओळखू येते.

आमचा राउंड साठ सेकंदांचा. धून रंगात येईपर्यंत एक जण आडवा झालेला असतो.

तर, धून आहे तशी ठेवू की हलगीत बसवू? आणि ती आमच्या पात्राशी लढते तेव्हा वाजायचं कुणाचं? मोठ्या गेमांतही एकवाक्यता नाही. ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ (२०००) मध्ये सरसकट जॅझचा रंग, समोर कोण लढतंय याच्याशी देणंघेणं नाही. तिसऱ्या भागात (२०११) मात्र ज्याची त्याची धून. मला दुसऱ्या भागाचं संगीत केव्हाही जास्त आवडतं, पण डोळे मिटले तर मैदानात कोण आहे याचा पत्ता लागत नाही.

बटणबहाद्दर:
आहे तशीच ठेवा! २००३ मध्ये गेमक्यूब कन्सोलवरच्या ‘सोलकॅलिबर २’ या तलवारबाजीच्या गेममध्ये ‘झेल्डा’ मालिकेचा नायक लिंक आला तो झेल्डाची धून घेऊनच. ती वाजली नसती तर हिरव्या टोपीतला आणखी एक तलवारवाला, एवढंच.

मंद्रसप्तक:
बटणबहाद्दर, उदाहरण चांगलं दिलंत, पण ते तुमच्याच विरोधात जातंय. झेल्डाची ती धून १९८६ची, फॅमिकॉम या जुन्या कन्सोलच्या चिपवर वाजणारी. सोलकॅलिबरवाल्यांनी तिला ऑर्केस्ट्राचा साज चढवला, कारण त्यांच्या गेमचा आवाजच तो. चाल पाहुण्याची, वाद्यं यजमानांची. माझं मत याच बाजूला आहे.

ठेकेदार, तुमच्या बाबतीत टेम्पो दिसतो तेवढा नडणार नाही. बासरीची चाल ८४च्या आसपास असेल तर तिला हात लावू नका, खाली हलगी दुप्पट लयीत सोडा. चाल सावकाश, ठेका पळता, दोन्ही मजेत नांदतात. अडचण मात्रांची आहे. दादरा सहाचा, तुमचं बाकीचं संगीत बहुतेक केरव्यात, म्हणजे आठाचं. चालीतला एखादा सूर दोन मात्रा लांबवून ती आठात बसवता येईल, पण ‘सां’ला ताणू नका, चढणीची धार जाईल. त्यापेक्षा ‘प’वर थांबा. किंवा दादराच ठेवा. हलगीवर जलद दादरा वाजवून बघा, तोही अंगावर येतो. (मला तरी हाच पर्याय खुणावतोय.)

आलापी लढाईतून काढा, पात्र निवडण्याच्या पडद्यावर वाजवा. ‘ग प ध सां’ पहिल्या दहा सेकंदांत आलीच पाहिजे, पण अगदी पहिल्या दोन-तीन सेकंदांत नको. तेव्हा निवेदकाची आरोळी चालू असते, धून तिच्याखाली गाडली जाईल.

ठेकेदार:
पटलं! आणि वाजायचं कुणाचं?

बटणबहाद्दर:
निन्टेन्डोच्या ‘स्मॅश ब्रदर्स’ या फायटिंग गेमसारखं करा. तिथे संगीत पात्राला नाही, स्टेजला, म्हणजे लढाईच्या मैदानाला, बांधलेलं असतं. ‘पर्सोना ५’ गेमचा नायक जोकर आला (२०१९) त्याच्याबरोबर मेमेंटोज नावाचं स्टेजही आलं, आणि पर्सोनाच्या कितव्या भागाची धून लागलीय त्यावर त्या स्टेजचा रंग बदलतो. तिला एक स्टेज द्या, वाद मिटला. आणि एकाच धुनेवर भागवू नका. ‘फायनल फँटसी ७’चा नायक क्लाउड २०१५ मध्ये आला तेव्हा त्या गेमच्या दोनच धुना होत्या, किती वर्षं त्याच ऐकल्या. नंतर ‘फेटल फ्युरी’ गेमचा टेरी आला तो पन्नास घेऊन!

कोपऱ्यातला वकील:
पन्नास राहू द्या, या एकीची परवानगी कुणी दिलीय? डेव्हलपरने पात्र दिलं म्हणजे धूनही दिली असं नव्हे. माइनक्राफ्टचा स्टीव्ह २०२० मध्ये स्मॅशमध्ये आला, पण सी४१८ या नावाने काम करणाऱ्या संगीतकाराची ती मूळ शांत पियानोची धून आली नाही. तिचे हक्क त्या संगीतकाराने स्वतःकडेच ठेवलेले आहेत. तिथे मग माइनक्राफ्टच्याच इतर गेमांतलं संगीत वाजतं. रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा, हे ध्यानात ठेवा. तुम्ही चाल बदलणार आहात, तेव्हा ‘बदल करून वापरण्यास परवानगी’ असं स्पष्ट लिहून घ्या. तोंडी नको.

ठेकेदार:
बापरे, हे डोक्यातच नव्हतं. संगीतकार वेगळी आहे, कॉलेजात शिकते. आज मेल करतो.

मंद्रसप्तक:
मग तिलाच नवा साज चढवायला का सांगत नाही? बॅन्जो-काझूई ही गेममधली अस्वल-पक्ष्याची जोडी स्मॅशमध्ये आली तेव्हा त्यांच्या स्पायरल माउंटन या ठिकाणाची धून मूळ संगीतकार ग्रँट कर्कहोप यांनीच नव्याने बांधली. तिला तुमच्या हलगीचे ट्रॅक पाठवा. मानधन ठरवूनच बोला, हं.

आणखी एक. बासरी ज्या उंच सुरांत वाजते तिथेच गुद्द्यांचे, तलवारीचे आवाज येऊन बसतात, बासरी त्यात विरून जाईल. लढाईत चाल गिटारवर, एक सप्तक खाली घ्या. बासरी जिंकल्यानंतरच्या पडद्यावर. बासरी, ठेका, बास यांचे ट्रॅक सुटे मागा, सगळं एकत्र केलेली फाइल नको.

ठेकेदार:
सुटे ट्रॅक एमपी३मध्ये चालतील का?

मंद्रसप्तक:
नको. एमपी३च्या सुरुवातीला किंचित शांतता चिकटते, लूप फिरताना, म्हणजे धून पुन्हा पहिल्यापासून लागताना, ठेका अडखळतो. वेव्ह (न दाबलेली फाइल) मागा, गेममध्ये टाकताना ऑग (दाबलेली, पण ही अडचण नसलेली) करा.