मदत हवी आहे: बाबांना घेऊन बदामी-हंपी

डिसेंबरमध्ये आईबाबांना घेऊन कुठेतरी जायचंय, घरात सगळे थायलंड थायलंड करतायत पण बाबांना बदामी, पट्टदकल आणि हंपी बघायचंय आणि खरं सांगू मलाही तेच हवंय. वेरूळचं कैलास लेणं आपण लहानपणापासून बघतो, पण त्याच्याशी इतकं साम्य असलेलं पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर सोलापूरच्या पुढे काही तासांवर आहे, आठव्या शतकात राणी लोकमहादेवीने बांधून घेतलेलं, आणि आपल्यातल्या कितीजणांनी ते पाहिलंय? शिवाय तिकडे ज्वारीची भाकरी न् शेंगाचटणी मिळते, आईच्या जेवणाचं टेन्शन नाही.

प्लॅन असा की सोलापूरहून ट्रेनने विजापूरमार्गे बदामी, तिथे मुक्काम करून पट्टदकल-ऐहोळे, मग गदगवरून होसपेट आणि हंपी. अडचण बाबांच्या गुडघ्यांची आहे. बदामीच्या चारही लेण्यांना पायऱ्या आहेत, पण सगळ्यात सुंदर तिसरं, इ.स. 578 च्या शिलालेखाचं, तिथपर्यंत हळूहळू जमेल का? हंपीत विठ्ठल मंदिराला बॅटरीची गाडी सध्या चालू आहे का? आणि बदामीत दिवसभरासाठी गाडी ठरवायची तर साधारण किती घेतात, कोणी वयस्कर मंडळींना घेऊन नुकतंच गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, तिकिटं काढायचीयत.