मदत हवी आहे: रानफुलांचं बी रुजत नाही, उगवलेली रोपं कोलमडतात

नववीच्या मुलांचा उपक्रम आहे. मधमाश्या आणि फुलपाखरांसाठी ६ × ३ मीटरच्या वाफ्यात देशी रानफुलं लावायची आहेत. तेरडा, खुळखुळा आणि सूर्यफुलाच्या कुळातली बारीक बियांची दोन फुलं ट्रेमध्ये पेरली. निम्मी माती, निम्मं गांडूळखत, सगळं बी बोटाच्या पेराएवढं खोल, रोज झारीने पाणी. खुळखुळा आणि बारीक बी उगवलंच नाही. तेरडा दाट उगवला, पण रोपं मातीलगत काळी पडून आडवी होताहेत. वाफ्यात गवत माजलंय. बी थोडंच उरलंय. औषध फवारावं का?

प्रतिसाद १

फवारू नका, तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

खुळखुळा शेंगावर्गीय. बियांचं कवच टणक असतं, पाणी आत शिरतच नाही. दोन पॉलिश पेपरच्या मध्ये बी ठेवून हलकेच चोळा. चकाकी गेली की थांबा, आतला फिकट गर दिसला तर जास्त घासलं गेलं. मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. टम्म फुगलेलं बी लगेच पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा. (हे बी विषारी आहे, काम झाल्यावर हात धुवायला लावा.)

खोली बियांच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, त्याहून जास्त नको. बारीक बी तर गाडूच नका. अशा अनेक बियांना रुजायला उजेड लागतो, आणि खोलवरून वर यायला पुरेल एवढा साठा त्यांच्यात नसतो. पृष्ठभागावर टाकून फळीने दाबा, बस्स.

तेरड्याची 'मर' आहे. दाट पेरणी, खताचा भार आणि सतत ओला पृष्ठभाग मिळाला की जमिनीतली बुरशी खोडाच्या तळाशी घुसते. आडवी झालेली रोपं भोवतालच्या मातीसकट काढा. उरलेली ३ सेंमी अंतरावर राहतील अशी विरळ करा, पण कात्रीने. उपटलीत तर शेजारच्यांची मुळं हलतात. नवीन ट्रेला २ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग जाडी वाळू, खत शून्य. पाणी खालून द्या: ट्रे २ सेंमी पाण्यात १५-२० मिनिटं ठेवून उचला.

उरलेलं बी पेरण्याआधी २० बिया ओल्या कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. ७ रुजल्या तर उगवण ३५ टक्के, त्या हिशेबाने पेरा. हा प्रयोग मुलांनीच करावा.

प्रतिसाद २

वाफ्याचं सांगतो. गवत काढून जमीन भिजवा, पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडा आणि कडक उन्हात ४ ते ६ आठवडे ठेवा. नंतर खोल खणू नका, नाहीतर खालचं तणाचं बी वर येतं. खतही नको, खताचा फायदा आधी गवतच घेतं.

एकेका जातीचा साधारण मीटरभराचा पुंजका करा. मधमाशी एका फेरीत बहुधा एकाच जातीची फुलं धरते. फुलोरा एकामागून एक चालू राहील अशा जाती निवडा. आणि कोपऱ्यात उन्हाची उघडी जमीन सोडाच: पोळं न करता एकट्या राहणाऱ्या बहुतेक मधमाश्या जमिनीत बीळ करतात. पूर्ण वाफा पालापाचोळ्याने झाकला तर फुलं असूनही त्यांना घर नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सुट्टीत पाणी कोण घालणार? फुलपाखरांसाठी रुई लावू का?

प्रतिसाद २

पेरणी पावसाच्या तोंडावर करा, म्हणजे मुळं धरेपर्यंत पाण्याचा प्रश्न येत नाही. रुई जरूर लावा, प्लेन टायगर या फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. पाने खाल्लेली दिसली तरी हात लावू नका. मात्र चीक डोळ्यांना घातक आहे, म्हणून ती कडेला हवी आणि छाटणी मोठ्यांनी करावी.

प्रतिसाद १

तेरड्याची बोंडं पिकत आली की मलमलची छोटी पिशवी बांधा. बोट लागताच ती फुटून बी उडतं. बाहेरून बी गोळा करणार असाल तर परवानगी घ्या, अनेक झाडांवरून थोडं थोडं घ्या आणि एका ठिकाणच्या पिकलेल्या बियांपैकी दहाव्या हिश्शापेक्षा जास्त उचलू नका.